टायर ‘झिजतो’ की गाडी टायर ‘खाते’?

प्रश्न : अवजड ट्रकच्या कामात ‘टायर झिजला’, ‘गाडी टायर खाते’ आणि ‘टायरचा गोटा झाला’ असं तिन्ही बोलतात. लिहिताना सगळीकडे ‘झीज’ चालेल का?

उत्तर : नाही. झिजण्यात टायर कर्ता आहे. धावला आणि संपला. खाण्यात कर्ता गाडी आहे, म्हणजे दोष टायरबाहेर आहे. गोटा ही शेवटची अवस्था. नक्षी गेली की गोटा, कारण काहीही असो.

उत्तर : ‘खाणे’बरोबर ‘कसं’ आणि ‘कुठून’ हे हवंच. एकच कड गुळगुळीत उतरली असेल तर आधी कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल, बघावा. रुंदीभर करवतीसारखे दाते आले तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची बाजू आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळली आहे ते. तळहात टायरवर आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना मऊ आणि आतून बाहेर आणताना बोचरं लागलं तर टो-इन जास्त. उलट लागलं तर टो-आउट.

प्रश्न : टो-इनला ‘अंतर्मुखता’ म्हणावं का?

उत्तर : कृपया नको, तो माणसाच्या स्वभावाचा शब्द. टो-इनच ठेवा, अर्थ मराठीत सांगा: हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर मोजलेलं दोन चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा जितकं कमी, तितका टो-इन. बऱ्याच ट्रकना तो दीड-दोन मिलिमीटर असतो. ६ मिमी झाला तर प्रत्येक चाक ३ मिमी तिरकं. टायरचा व्यास १ मीटर धरा, दर किलोमीटरला रबर ३ मीटर आडवं फरफटतं. ‘फरफट’ हा इथला खरा शब्द, ‘घर्षण’ नव्हे.

उत्तर : ‘टो सेट केला’ लिहिण्याआधी ‘ढिलाई काढली’ येऊ द्या. चाक उचलून वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंग पिन, म्हणजे चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती. आडवं हललं तर टाय रॉड एंडही (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) तपासा. मगच टाय रॉडचे क्लॅम्प सैल करून टाय रॉड फिरवायचा, क्लॅम्प आवळायचे, गाडी थोडी पुढे ढकलून पुन्हा मोजायचं. ढिलाई तशीच ठेवली तर मोजलेलं माप रस्त्यावर टिकत नाही.

प्रश्न : आणि ‘कास्टरने टायर खाल्ला’?

उत्तर : सहसा चूक. कास्टर म्हणजे बाजूने पाहताना किंग पिनचा मागे कल; तो कमी असेल तर गाडी भरकटते. तो स्प्रिंगच्या पाट्यांखालच्या पाचरीने बदलतात.

उत्तर : ‘पुढचा ॲक्सल टायर खातो’ हेही जपून लिहा. मागचा ॲक्सल तिरका बसला असेल तर तो गाडीला बाजूला रेटतो, सरळ जायला स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं आणि खाल्ले जातात पुढचे टायर. तिथे ‘गाडी खाते’ हेच अचूक.