मदत हवी आहे: इंग्रजीच्या तासाला आंतरसांस्कृतिक क्षमता शिकवावी कशी आणि तपासावी कशी?

नमस्कार. मी मिरजेतील एका मुस्लिम संस्थेच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवतो. घरी दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी आणि दीनियातच्या (धर्मशिक्षणाच्या) तासाला अरबी अशी रोज ये-जा करणाऱ्या मुलांना आंतरसांस्कृतिक क्षमता, म्हणजे परक्या संस्कृतीच्या माणसांना समजून घेत त्यांच्याशी बोलता-वागता येणे, शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला वर्षभर पडला आहे.

सुरुवातीला मी नाताळावरचा एक उतारा घेतला. दुसऱ्याच दिवशी एक पालक भेटायला आले. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, पण "सर, इंग्रजी शिकवा, सण कशाला?" यावर मला धड उत्तर देता आले नाही. खरे तर माझीच निवड चुकली होती. मुलांनी चार शब्द पाठ केले, इतकेच.

मग पाहुणचाराचा संवाद घेतला. यजमान झालेल्या मुलीने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली, पाहुणीने आपल्या रीतीप्रमाणे संकोचून 'नो, थँक्यू' म्हटले, आणि यजमानीणबाईंनी वाटी खरोखरच उचलून नेली. वर्ग खो खो हसला. पण पहिला नकार कुठे खरा मानतात आणि कुठे आग्रहाची वाट पाहतात, यावर मुले आपण होऊन बोलू लागली. त्याच ओघात एकीने विचारले, की परक्या पुरुषाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तर त्याचा अपमान न होईल असे इंग्रजीत काय म्हणावे? त्या दिवशीचा खरा पाठ तो.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांच्या या क्षमतेविषयीच्या 1997 च्या मांडणीत वृत्ती, ज्ञान, अर्थ लावून तुलना करणे, शोध घेत संवाद साधणे आणि चिकित्सक सांस्कृतिक भान (आपल्या आणि इतरांच्या रीती पारखून पाहणे) असे पाच घटक आहेत. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांची नक्कल त्यात अपेक्षित नाही, त्यामुळे पालकांशी बोलणे सोपे जाते. शिवाय माणसांची कुळे आणि जमाती एकमेकांना ओळखण्यासाठी केल्या, असे सांगणारी सूरह अल-हुजुरातची 13 वी आयत आमच्या मौलानांनीच मला दाखवली.

अडचण आहे ती गुणांची. संवाद ऐकून गुण देता येतात, पण वृत्तीला कसे द्यावेत? लिहायला सांगितले, की मुले सरांना आवडेल तेच लिहितात. आकारिक मूल्यमापनात (शिकवता शिकवता सतत केल्या जाणाऱ्या मूल्यमापनात) यासाठी कोणी निरीक्षणाच्या नोंदी ठेवल्या आहेत का, आणि चिकित्सक भान तपासताना मुलांच्या श्रद्धेलाच गुण दिल्यासारखे होऊ नये म्हणून प्रश्न कसे विचारले? पुढच्या महिन्यात इथल्या तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत नेऊन, तंबोऱ्याचा भोपळा कसा कोरतात हे मुलांना इंग्रजीत एखाद्या पाहुण्याला सांगायला लावण्याचा विचार आहे. त्याआधी नोंदींचा नमुना मिळाला तर फार उपयोग होईल.