मोतद्दार, साईस आणि जुना ‘खासदार’

सैन्यात घोड्यांची निगा राखणाऱ्याला मराठीत नेमके काय म्हणावे, या प्रश्नावर ‘अश्वसेवक’ हा शब्द सुचवला गेला आहे. परंतु पागेत वावरलेला कोणीही तो शब्द उच्चारणार नाही. ‘मोतद्दार’ हा चांगला रुळलेला शब्द हाताशी असताना नवा घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

जुन्या कोशांत याच अर्थाने आणखी एक शब्द सापडतो, तो म्हणजे ‘खासदार’. आज दिल्लीला निवडून जाणाऱ्याचे हे बिरुद पूर्वी घोड्याला खरारा करणाऱ्याचे होते, हे कोल्हापुरातल्या निवडणुकीच्या दिवसांत सांगितले तर लोक थट्टा समजतात. अरबीतून आलेल्या ‘साईस’ची गोष्टही अशीच आहे, कारण घोडा सांभाळणारा ‘साईस’ आणि राजकारण या अर्थाचा ‘सियासत’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. इंग्रजांचा ‘कॉन्स्टेबल’सुद्धा मुळात तबेल्याचा अधिकारी होता.

अनुवाद करताना मात्र पागेतील सगळ्यांना एकाच शब्दात कोंबू नये. सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, नाल ठोकणारा तो नालबंद आणि घोडा फिरवून तयार करणारा तो चाबूकस्वार. शिवकाळात पंचवीस बारगिरांमागे पखालीने पाणी पुरवणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, यावरून स्वारामागे राबणाऱ्या हातांची कल्पना येते. मोतद्दाराचे काम यांहून निराळे, आणि खरे तर सर्वांत चिकाटीचे: मुक्कामावर घोड्याच्या पुढच्या-मागच्या दोऱ्या, म्हणजे अगाडी-पिछाडी, बांधणे, खोगीर उतरताच पाठीला कोठे घासले आहे का ते पाहणे, आणि घोडा निवल्यावरच पाणी दाखवून मग चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा तोंडाला चढवणे. पाठ सोललेला घोडा दुसऱ्या दिवशी स्वाराच्या उपयोगाचा राहत नसे.

इंग्रजी अमदानीतील फौजेविषयी लिहिताना मी ‘साईस’ वापरतो, कारण तेथे तोच शब्द चालत होता. मराठा फौजेसाठी ‘मोतद्दार’ आणि केवळ ‘मोतद्दार’.

एका दसऱ्याला दसरा चौकात मिरवणुकीच्या घोड्याची मोहरकी धरून उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “मामा, तुम्ही साईस काय?” त्यांनी घोड्याच्या मानेवरून उलट्या हाताने घाम पुसला, तो हात स्वतःच्या धोतराला पुसला, आणि म्हणाले, “साईस साहेबाचा असतोय. आम्ही मोतद्दार.”