मदतीचे फॉरवर्ड: विश्वास ठेवायचा तरी कशावर?

उगाच_शंका
रोज कुठला ना कुठला फोटो येतो, कुठे युद्ध, कुठे पूर, कुठे नळ्या लावलेलं लेकरू, आणि खाली 'माणुसकी असेल तर पुढे पाठवा'. नाही पाठवलं तर आपण दगड. मला एवढंच विचारायचंय की शेअर करून खरंच काही होतं का, आणि पैसे द्यायचे झाले तर खरं-खोटं ओळखायचं कसं? ज्ञान पाजळू नका प्लीज, ठोस काही असेल तर सांगा.

तिरका_डोळा
काही होत नाही हो. २०१२ चा कोनीचा व्हिडिओ आठवतोय का? अर्ध्या तासाचा, आठवडाभरात दहा कोटी व्ह्यूज. युगांडाचा बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी मुलं पळवून त्यांना सैनिक बनवतो, त्याला पकडा म्हणून. आणि तो नि त्याची टोळी युगांडातून कित्येक वर्षं आधीच बाहेर पडलेली, ते व्हिडिओत ओझरतं उरकलं. २० एप्रिलच्या रात्री जगभर पोस्टरं लावायची ठरलेली, तर बऱ्याच ठिकाणी काळं कुत्रं फिरकलं नाही. कोनी काही सापडला नाही.

चिमूटभर_मीठ
@तिरका_डोळा अर्धंच सांगताय. २०१४ चं आइस बकेट चॅलेंज घ्या, त्यालाही लोक हसलेच होते, मीपण, डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून कुणाचा आजार बरा होतो का म्हणून. पण एएलएस (हळूहळू स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्या उन्हाळ्यात साडेअकरा कोटी डॉलर आले आणि त्यातून संशोधनाला पैसा गेला, २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित एक जीन सापडला त्यातही हा पैसा होता. एका औषधालाही लावला, ते २०२२ ला मंजूर झालं, नंतर मोठ्या चाचणीत फेल गेलं, २०२४ ला कंपनीने मागे घेतलं. तरी पैसा कुठे लागला ते दिसतंय ना, मला तेवढं पुरतं.

जुना_हिशेबनीस
मोठं नाव बघून डोळे मिटून देणाऱ्यांसाठी: २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास पन्नास कोटी डॉलर जमले, मोबाइलवरून एसेमेस केला की दहा डॉलर कापले जायचे. २०१५ ला पत्रकारांनी खोदून काढलं तर कायमची घरं बांधलेली सहा. संस्थेचं म्हणणं होतं पैसा इतर कामांवर गेला, पण तो नेमका कसा गेला याचा नीट हिशेब काही मिळाला नाही.

उगाच_शंका, पैसे देण्याआधी फोटो रिव्हर्स सर्चमध्ये टाका (म्हणजे तो फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते दिसतं), तेच लेकरू दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आजारासकट सापडतं कधीकधी. पैसे काढणारा कोण ते बघा, पेशंटचा नातेवाईक की कुणी 'हितचिंतक'. दवाखान्यात फोन करायचा तर पोस्टमधला नंबर लावू नका, स्वतः शोधा. आणि टार्गेट पूर्ण झाल्यावरचे अपडेट वाचा, आधीचे सगळेच गोड असतात.

उगाच_शंका
हे कामाचं आहे, थँक्स. पण भूकंप झाल्यावर लोक ढिगाऱ्याखाली असताना एवढी चौकशी करत बसायचं का?

जुना_हिशेबनीस
तेव्हा एकच बघा, संस्था भूकंपाच्या आधीपासून तिथे काम करत होती का. पेज कालच उघडलं असेल तर सोडून द्या.

तिरका_डोळा
याला माझं +१, बाकी मत तेच 😄