मदत हवी आहे: ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरकडे तोंड करून कॅमेरा बसवावा का? ड्रायव्हर सोडून जायची भाषा करतायत

तासगाव_ते_वाशी:
नमस्कार मंडळी. आमचा घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, सीझनला द्राक्षं वाशीला आणि एरवी बेदाणा, हळद, साखर, मिळंल ते भाडं. गाड्या मोजक्याच, काही बीएस-6 (नवीन प्रदूषण नियमाच्या) आणि बाकीच्या जुन्या. गेल्या सीझनला एक गाडी पहाटे शिरवळच्या अलीकडं डिव्हायडरला घासली, नशीब कुणाला लागलं नाही. ड्रायव्हर म्हणतो कुत्रं आडवं आलं, क्लीनर म्हणतो डोळा लागला, आता खरं कुणाचं धरायचं? जीपीएस आहे, पण त्यात गाडी कुठं आणि किती स्पीडनं एवढंच दिसतं, माणूस जागा होता का झोपलेला ते कसं कळणार.

मग एका कॅमेरेवाल्याला बोलवलं. तो म्हणतो एक कॅमेरा रस्त्याकडं, एक ड्रायव्हरच्या तोंडाकडं, डुलकी लागली की केबिनमध्ये बोंबलतो आणि माझ्या मोबाईलवर क्लिप येते, अपघात बंदच होतील. बंद होतील म्हटल्यावरच मला जरा शंका आली. दुसऱ्या दिवशी ही बातमी ड्रायव्हर लोकांना कळली आणि दोघांनी सरळ सांगितलं, आतला कॅमेरा लावला तर चावी घ्या. चांगला ड्रायव्हर मिळणं आजकाल किती अवघड आहे ते इथल्या गाडीमालकांना सांगायला नको. चुलते म्हणतात आमच्या वेळी काय कॅमेरे होते का, नाद सोड.

तर ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, खरंच फरक पडतो का, जुन्या गाडीत चालतं का, आणि ड्रायव्हरला कसं तयार केलं? कंपनीच्या जाहिराती नकोत, त्या बघून झाल्यात.

कराड_बायपास:
भावा, आधी फक्त रस्त्याकडचा कॅमेरा लाव. आमच्याकडं सुरुवातीला त्यालाही विरोध होता, पण एक बाईकवाला राँग साइडनं येऊन आमच्या गाडीला धडकला. गर्दी जमली, नेहमीप्रमाणं मोठ्या गाडीवाल्याचीच चूक, आणि तिथं क्लिप दाखवल्यावर सगळं थंड झालं. त्यानंतर बाकीचे ड्रायव्हर स्वतःहून विचारायला लागले, माझ्या गाडीला कधी? फक्त असं काही झालं तर मेमरी कार्ड काढून जसंच्या तसं ठेव. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप आणि ओरिजिनल रेकॉर्डिंग यात फरक असतो, आणि कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं सर्टिफिकेटही लागतं.

दुसरं म्हणजे डुलकीइतकाच न्यूट्रलचा प्रकार बघ. कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून आहेत. स्पीड गव्हर्नर 80 ला लॉक आहे म्हणून मालक निवांत असतो, पण गव्हर्नर इंजिनाचं डिझेल कमी करतो, उतारानं पळणारी गाडी तो कशी धरणार? सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग पुढं काय होतं ते पेपरात वाचतोच आपण. आणि गंमत म्हणजे आजच्या इंजिनात गियरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला तर उतारावर इंजेक्टर डिझेल मारतच नाहीत, न्यूट्रलला उलट आयडलचं, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायचं डिझेल जळत राहतं. हे एकदा ड्रायव्हरला डिझेलच्या भाषेत सांग, सेफ्टीच्या भाषेत सांगितलं की कान बंद होतात.

घाटावरचा_ड्रायव्हर:
मालक लोक बोलून झाले असतील तर माझंबी ऐका. मी खटावचा, लै वर्षं गाडीवर आहे. केबिन म्हणजे आमचं घर असतं, तिथंच झोपायचं, तिथंच कपडे बदलायचे, बायकोशी फोनवर बोलायचं तेबी तिथंच. तुम्हाला तुमच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा चालंल का? गाडी बंद केली की आतला कॅमेरा बंद झाला पाहिजे आणि आवाजाचं रेकॉर्डिंग तर अजिबात नको. एवढं लिहून दिलंत तर निम्मे ड्रायव्हर तयार होतील.

आणि चालत्या गाडीत फोन कोण करतं ते बी बघा की. आडत्याचा फोन, मालकाचा फोन, कुठं पोचलास, खंबाटकी ओलांडली का. बोगदा संपला की पुढं एस वळणाचा उतार, आणि बरोबर तिथंच मोबाईल वाजतो. जीपीएस आहे ना तुमच्याकडं, मग नकाशात बघा की राव. कॅमेरा आमचा फोन पकडणार आणि दंड आमचा कापणार, फोन करणाऱ्याचं काय?

झोपेचं म्हणाल तर, दिवसभर बागेत पेट्या भरायची वाट बघत बसायचं, अंधार पडल्यावर गाडी भरून द्यायची आणि पहाटेच्या आत वाशी गाठ म्हणायचं. दिवसा कुठं पडायला जागा नाही. मग 3 वाजता डोळा लागणार नाही तर काय होणार.

एक्झॉस्टब्रेक:
मी फिटिंगचं काम करतो, मिरज-कुपवाडकडं. विकायला आलेलो नाही, जे बघितलंय ते सांगतो. आतल्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड लाइट असतो म्हणून अंधारात पण डोळे दिसतात, आणि ठराविक वेळात पापण्या किती वेळ मिटलेल्या होत्या यावरून तो झोप ठरवतो. त्याशिवाय जांभई, मान खाली जाणं, कानाला फोन, हे बघतो. पण खोटे अलार्म येतात. मफलर तोंडावर घेतला, काही गॉगल घातले की गोंधळतो. घाटात माणूस सारखा आरशात बघतो तर याला वाटतं लक्ष नाही. तंबाखूची चिमूट तोंडात टाकायला हात वर गेला की फोन म्हणून क्लिप पाठवतो. (तंबाखू मळताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटतात हा वेगळा विषय, पण फोन नव्हता ना!) म्हणून क्लिप माणसानं बघितल्याशिवाय कुणाला बोलू नका. असल्या दोन चुकीच्या शिव्या खाल्ल्या की ड्रायव्हर लेन्सला चिकटपट्टी लावतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

जुन्या गाडीत कॅमेरा चालतो, त्याला फक्त करंट पाहिजे. पण क्लच, गियर, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) असला इंजिनाचा डेटा जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या गाडीत मिळत नाही, त्यामुळं न्यूट्रल पकडायचं तर बीएस-6 बरं. टाटाच्या नवीन मोठ्या गाड्यांत फ्लीट एज, म्हणजे गाडीचा डेटा मालकाला दाखवणारी सिस्टिम, कंपनीकडूनच येतं, दुसऱ्या कंपन्यांचं पण असतं, ते आधी चालू करून बघा, बऱ्याच जणांनी उघडलेलंच नसतं. स्पीड 60-70 आणि आरपीएम आयडलवर दिसलं की न्यूट्रल. कोटेशन घेताना सिम आणि क्लाउडचं वर्षाचं भाडं वेगळं विचारा, मशीन स्वस्त देतात आणि खरा खर्च तिथं निघतो.

वाचनकट्टा_सातारा:
फरक पडतो का, या प्रश्नावर अमेरिकेत बऱ्यापैकी काम झालंय. तिथल्या निऑश या सरकारी संस्थेच्या लोकांनी 2017 मध्ये एक अभ्यास छापला. ड्रायव्हरांचे गट केले, एका गटाला केबिनमध्ये फक्त इशाऱ्याचे लाइट, दुसऱ्याला लाइट आणि वर सुपरवायझरनं व्हिडिओ दाखवून समोर बसून बोलणं, तिसऱ्याला काहीच नाही. नुसत्या लाइटवाल्या गटात आणि काहीच नसलेल्या गटात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, बोलणं झालं त्या गटात मात्र धोकादायक ड्रायव्हिंग चांगलंच कमी झालं. त्याआधी 2010 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या दोघा संशोधकांनी दोन ट्रान्सपोर्ट कंपन्यांत कॅमेरा आणि समजावून सांगणं असं दोन्ही मिळून बघितलं होतं, तिथं धोक्याच्या घटना एकीकडं 37 आणि दुसरीकडं 52 टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे तुमचा कॅमेरेवाला मशीन विकतोय, पण दर आठवड्याला ड्रायव्हरबरोबर बसून क्लिप कोण बघणार हे ठरलं नसंल तर पैसे वाया जातील. तुम्ही स्वतः बसणार का, का चुलत्यांना बसवणार? (चुलत्यांना नको.)

खटाववाल्या दादांचा झोपेचा मुद्दा मला सगळ्यात पटला. 60 च्या स्पीडला 3 सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर जाते, आणि अलार्म वाजतो तोवर डोळा लागलेला असतो. आपल्याकडं 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला 8 तास आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. पाळतं कोण ते सोडा.

तासगाव_ते_वाशी:
सगळ्यांचे आभार. घरात बोलणं झालं. खटावच्या दादा, फोनचं तुमचं बरोबर आहे, आता गाडी चालू असताना आमच्याकडून फोन नाही, लाइव्ह लोकेशन आडत्याला पाठवायचं. सुरुवात रस्त्याकडच्या कॅमेऱ्यानं करतो, आणि फ्लीट एज कालच उघडलं, न्यूट्रलचे आकडे बघून चुलते पण गप झाले. आतला कॅमेरा फक्त रात्रीच्या वाशी लाइनला, जो स्वतः तयार होईल त्याच्याच गाडीत. कागद मराठीत करतो: आवाज बंद, इग्निशन बंद तर कॅमेरा बंद, क्लिप मी आणि तो ड्रायव्हर सोडून कुणी बघणार नाही, आणि क्लिपवरून पगार कापायचा नाही.

अडकलोय ते लोडिंगला. बागायतदार संध्याकाळशिवाय गाडी भरून देत नाही, आणि सकाळी उशीर झाला तर मार्केटला भाव पडतो. दोन ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही. यावर कुणी काही काढलंय का?

कराड_बायपास:
आम्ही लांबच्या लाइनला ड्रायव्हर बदलतो. भरायला गाडी दुसराच घेऊन जातो, रात्रीचा माणूस तोवर घरी झोपतो आणि पेठ नाक्यावर चावी घेतो. लोकल माणसाची हजेरी वाढते, पण पूर्ण दुसऱ्या ड्रायव्हरपेक्षा कमीच पडते. तरी झोप आलीच तर शिरवळच्या आसपास चहा घेऊन 20 मिनिटं पडायचं, आणि उशीर झाल्याचा फोन आडत्याला आपण करायचा, त्याला करायला लावायचं नाही.

एक्झॉस्टब्रेक:
आणि डेमो ऑफिससमोर दिवसा घेऊ नका. ज्याच्या गाडीत लावायचा त्यालाच बसवा, रात्री, मफलर-टोपी सगळं घालून, एक फेरी कराडपर्यंत मारा आणि खोटे अलार्म किती वाजले ते त्यालाच लिहायला सांगा.