अनुभव धागा: वजन उतरवताना सफरचंद कामी येतं की आड येतं?

"सफरचंद खा, वजन उतरेल" आणि "फळातही साखरच असते, जपून" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, कधीकधी एकाच तोंडून ऐकू येतात. ज्यांनी आहार आखून दिलेत, ताटं मोजलीत, फळं विकलीत त्यांनी इथे लिहावं. अट एकच: "अमुक महिन्यांत तमुक किलो" नको. ग्रॅम, चमचे, वेळ आणि नेमकं चुकतं कुठे, एवढंच लिहा.

तराजू

सुरुवात मापापासून. "एक सफरचंद" हे मापच नव्हे. सालीसकट 100 ग्रॅम फळात साधारण 52 कॅलरी, 10 ग्रॅम साखर, 2.4 ग्रॅम तंतू आणि बाकी बहुतेक पाणी. घरात काटा नसेल तर गाडीवर किलोत किती चढली ते मोजा. पाच चढली तर देठ-गाभा वजा जाता एकात 180 ग्रॅम खाण्याजोगं, म्हणजे 95 कॅलरी. चारच चढली तर 115 ते 120. आठ चढणारी लहान फळं साठीच्या आतबाहेर.

आता या 95 कॅलरी कशाच्या जागी आल्या ते बघा. चार वाजता मूठभर फरसाण (30 ग्रॅम) खायची सवय असेल तर त्यात दीडशेच्या वर कॅलरी असतात. फरसाणाच्या जागी सफरचंद आलं तर साठेक वाचल्या. फरसाण झाल्यावर "आता जरा हेल्दी" म्हणून सफरचंद आलं तर 95 वाढल्या. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. हे वरचं सफरचंद रोज चालू राहिलं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर कागदावर तरी तीन महिन्यांत किलोभर वाढ दिसते. दोष फळाचा नाही, बेरजेचा आहे.

पोटोबा

वेळेचं लिहितो. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातला 2009 सालचा एक अभ्यास या विषयात फार उपयोगी आहे. दुपारच्या जेवणाआधी लोकांना कधी सफरचंदाच्या फोडी, कधी शिजवून केलेला गर, कधी रस दिला. तिन्हींतल्या कॅलरी सारख्याच ठेवल्या होत्या. फोडी खाल्ल्या त्या दिवशी, फोडींच्या कॅलरी धरूनही, एकूण खाणं काही न खाता जेवायला बसण्यापेक्षा सुमारे 15 टक्के कमी झालं. रसाने तसं काही साधलं नाही, त्यात तंतू घालून पाहिले तरीही नाही.

घरी करायचं तर जेवणाआधी 15-20 मिनिटं, सालीसकट आठ फोडी, सावकाश चावून. आठ-दहा मिनिटं लागली पाहिजेत. फसतं कुठे? ताट नेहमीइतकंच वाढलं जातं, आणि वाढलेलं टाकायचं नाही ही आपली शिकवण. म्हणून पोळी आधीच एक कमी घ्या. 30 ग्रॅम कणकेची बिनतेलाची पोळी साधारण 100 कॅलरींची, म्हणजे सफरचंदाशी जवळजवळ फिट्टंफाट. कमी करायची ती पोळी किंवा भात. वरण, उसळ, दही यांना हात लावू नका.

कोशिंबीर

साल काढली की तंतू जवळपास निम्मे: 100 ग्रॅमला 2.4 वरून 1.3. मेणाची भीती वाटत असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा आणि कोरड्या फडक्याने घासून पुसा.

रसाबद्दल वर आलंच आहे. 250 मिलीच्या ग्लासात सव्वाशेच्या आतबाहेर कॅलरी, तंतू नावाला, आणि संपतो दोन मिनिटांत. मिल्कशेक तर त्याच्याही पुढे: एक सफरचंद 95, 200 मिली फुल क्रीम दूध 175, दोन चमचे साखर 40. झाले 310. हा नाश्ता आहे, "सोबत काहीतरी फळ" नव्हे. कोशिंबिरीत किसून घालत असाल तर दाण्याचं कूट सपाट एक मोठा चमचा (50-55 कॅलरी) पुरे. हात सैल सुटतो तो तिथेच.

एकादशी

उपवासाचं वेगळं सांगायला हवं. 50 ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या 175, 25 ग्रॅम कुटाच्या 140, मोठा चमचाभर तुपाच्या 120, बटाट्याच्या 40: खिचडीची बशी पावणेपाचशेवर जाते. तिच्यानंतर खाल्लेलं सफरचंद काहीही वजा करत नाही. ते आधी खा, खिचडी अर्धी बशी घ्या आणि सोबत वाटीभर दही.

धागाकर्ती

रात्री फक्त एक-दोन सफरचंदं खाऊन झोपायचं, असं बरेच जण करतात. त्याबद्दल कोणी लिहील का?

पोटोबा

नका करू. एका सफरचंदात प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. रोज रात्री हेच केलं तर उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, आणि अकरा वाजता फ्रीज उघडतोच. सफरचंदासोबत 30 ग्रॅम फुटाणे (110 कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं) किंवा दोन उकडलेली अंडी घ्या. पीनट बटर चालेल, पण मोठा चमचाभर म्हणजे फळाइतक्याच कॅलरी पुन्हा. चमचा सपाट भरून मोजा, रचून नाही.

मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळायचं. ग्लिमेपिराइडसारखं औषध किंवा इन्शुलिन घेऊन जेवणाच्या जागी नुसतं सफरचंद खाल्लं तर साखर खाली घसरू शकते. असा बदल डॉक्टरांना विचारूनच.

फळगाडा

फुजी, गाला गोड. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट. कॅलरीत फरक किरकोळ, त्यासाठी जास्त पैसे घालू नका. काश्मीर-हिमाचलचा माल ऑगस्ट ते ऑक्टोबरात ताजा आणि कडक. उन्हाळ्यात मिळतो तो शीतगृहातला, कधी भुसभुशीत निघतो. तो चावायला नको वाटतो आणि मिक्सरमध्ये जातो. त्या दिवसांत पपई घ्या. थंडीत पेरू: त्यात सफरचंदाच्या दुपटीने तंतू, आणि भाव बघा!

गॅसवाले

सफरचंदात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज (फळातली साखर) जास्त, शिवाय सॉर्बिटॉल (आतड्यात पूर्ण न शोषला जाणारा गोड घटक). ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना यानेच पोट फुगतं, आणि पोट घट्ट झालं की वजन वाढलंसं वाटतं. चार दिवस बंद करून संत्रं किंवा पपईवर या. फरक पडला तर सफरचंद अर्ध्यावर आणा.

कोशिंबीर

डब्यात फोडी काळ्या पडतात म्हणून पुष्कळजण शेवटी बिस्किटांवर येतात. अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ, फोडी पाच-सात मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढून कोरड्या करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दुपारपर्यंत पांढऱ्या राहतात. लिंबूही चालतं, पण चव बदलते.