४० पैकी ३६ : सॉल्युबिलिटी चाचणीच्या ‘नव्वद टक्क्यां’वर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न (पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी, नांदेड)
किनवट तालुक्यातील शिबिरांत घेतलेल्या रक्तनमुन्यांवर मी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या सॉल्युबिलिटी चाचणीचा थिसिस करीत आहे. नळीतले द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पॉझिटिव्ह धरायचा, इतकी ही चाचणी साधी आहे. एचपीएलसी या यंत्रावरच्या, अधिक खात्रीच्या तपासणीने सिकल हिमोग्लोबिन असल्याचे ठरलेल्या ४० जणांपैकी ३६ जण तिने पकडले, तर ते नसलेल्या १६० पैकी १५८ जण निगेटिव्ह आले (आकडे हिशेबापुरते थोडे गोल केले आहेत). सेन्सिटिव्हिटी (सिकल असलेल्यांपैकी किती पकडले ते प्रमाण) ९० टक्के लिहिली, तर गाइड सरांनी समासात पेन्सिलीने ‘मागेपुढे किती?’ एवढेच लिहून मसुदा परत केला. नेहमीच्या सूत्राने ८१ ते ९९ टक्के येतात. ते चालेल का?

उत्तर (सांख्यिकीचे शिक्षक, परभणी)
चालणार नाही. ते सूत्र शंभर टक्क्यांच्या जवळ फसते. ४० पैकी ४० सापडले असते, तर त्याने मागेपुढे शून्य दाखवले असते, म्हणजे अवघ्या चाळीस रुग्णांवरून चाचणी कधीच चुकत नाही असा दाखला दिला असता. विल्सन यांच्या १९२७ च्या पद्धतीने तुमचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याचा भरवसा धरतो तो पट्टा, सुमारे ७७ ते ९६ येतो आणि क्लॉपर-पिअर्सन यांच्या १९३४ च्या, अधिक सावध पद्धतीने ७६ ते ९७. दोन्हींत तो नव्वदच्या खाली अधिक लांबतो, हे ध्यानात घ्या. स्पेसिफिसिटीचा (सिकल नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह आले त्या प्रमाणाचा) इंटरव्हल, मागे १६० जण असल्यामुळे, ९५.६ ते ९९.७ इतका आटोपशीर आहे. सेन्सिटिव्हिटीचा पट्टा साधारण निम्मा करायचा असेल, तर सिकल असलेलेच चौपट लोक लागतील. निरोगी माणसे कितीही वाढवली तरी तो हलणार नाही.

उत्तर (प्रयोगशाळेतील डॉक्टर, लातूर)
सूत्राआधी एक विचारतो. एचपीएलसी सर्वांची केली, की फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांची? फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांचीच केली असल्यास निसटलेले लोक त्या चाळिसांत मोजलेच जात नाहीत, सेन्सिटिव्हिटी फुगते आणि ही चूक कोणत्याही इंटरव्हलमध्ये दिसत नाही. शिवाय सहा महिन्यांखालील बाळे आणि रक्त फारच कमी असलेले रुग्ण यांच्यात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. चुकलेले चौघे कोण होते, ते रजिस्टरमध्ये पाहा.

विद्यार्थिनी
एचपीएलसी सर्व २०० जणांची केली आहे, सर. रजिस्टर पाहिले, चौघेही मोठी माणसे आहेत आणि हिमोग्लोबिनही ठीक आहे. मात्र त्यांतील तिघांचे नमुने एकाच दिवशीच्या शिबिरातले निघाले.

उत्तर (परभणी)
मग त्या दिवशीचे द्रावण जुने होते का, ते पाहा. डायथायोनाइट हे रसायन घातलेले द्रावण टिकत नाही. हिशेबाच्या बाजूने मात्र अडचण अशी, की एकाच बाटलीने तपासलेले नमुने परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, म्हणून माझे ७७ ते ९६ देखील अरुंदच समजा. एकेक रुग्ण न उचलता शिबिराचा अख्खा दिवस एक घटक धरून बूटस्ट्रॅप करावा, म्हणजे त्या दिवसांतूनच पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड करून दर वेळी सेन्सिटिव्हिटी किती बदलते ते पाहावे. दिवस पाच-सहाच असतील, तर त्यावरही फारसे विसंबू नका. दिवसवार तक्ता सरळ थिसिसमध्ये द्या, आणि ते तीन नमुने जपून ठेवलेले असतील तर ताज्या द्रावणाने पुन्हा तपासा, पण मूळ निकाल खोडू नका.