गाणं आधी, मग अनुच्छेद

संविधान शिकवताना चळवळीची गाणी वर्गात लावली की पोरं तापतात आणि न्यायालयाचं निकालपत्र बाजूलाच राहतं, असा आक्षेप घेतला जातो; मला तो पटत नाही. मी नागपुरात कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवते. इथल्या कितीतरी मुलांच्या कानावर भीमगीतं लहानपणापासून पडलेली असतात, दीक्षाभूमीच्या गर्दीत तर हमखास. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

चवदार तळ्यावरचं गाणं लावते आणि लगेच संविधानातला भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद 15(2) उघडायला सांगते. तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी चक्क यादी आहे. संविधानात तलाव कशाला आला, हे मुलंच विचारतात, आणि 1927चा महाड सत्याग्रह ठाऊक असलेलं कुणीतरी उत्तरही देतं. मग खरा मुद्दा येतो: 15(1) राज्याला, म्हणजे सरकारी यंत्रणेला, बांधतं, 15(2) मात्र तुमच्या-माझ्यासारख्या नागरिकालाही. हा फरक नुसत्या पाठांतराने डोक्यात बसत नाही.

निकालपत्रं हवीतच. बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल (1986) मी याच तासाला घेते. राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहिलेल्या केरळमधल्या मुलांना शाळेने काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गाण्यांच्या तासाला गप्प राहण्याचा हक्कही शिकवता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. जोडीला 2025चा इम्रान प्रतापगढी निकाल, कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करणारा.

फक्त गाण्याचे शब्द छापून हातात द्या. नुसतं स्पीकरवर ऐकवलं तर चाल लक्षात राहते, ओळी निसटतात.